गाठ वाढली

मला कॅन्सर झाला, ही बातमी मला सगळ्यात शेवटी कळली. नवऱ्याला माहीत होती, पोरीला माहीत होती, कामठीच्या नणंदेला माहीत होती. कळमन्याच्या बाजारात मी ज्या संत्र्याच्या अडतीवर गाड्या आल्या-गेल्याचं पाहते, तिथल्या शेठलाही माहीत होती. आमच्या दूधवाल्यालासुद्धा असावी, कारण तो एकाएकी माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला होता. फक्त जिच्या अंगात तो कॅन्सर बसला होता तिला सांगायचं राहून गेलं होतं.

आता ट्रीटमेंट संपली आहे. केस पुन्हा आलेत, आधी नव्हते तसे कुरळे. तपासण्या चालू आहेत, त्या चालूच राहतील. ओळखीच्या बायका म्हणतात, सुमन, लिही काहीतरी, दुसऱ्यांना धीर येईल. धीर देणारं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी रागावून लिहिणार आहे. ज्यांना असाच राग येऊन राहिला असेल आणि तो कोणावर काढावा हे कळत नसेल, त्यांनी जरा माझ्याजवळ बसावं.

पेशंट कोण?

गाठ माझी मलाच लागली, आंघोळ करताना, डाव्या बाजूला. दुखत नव्हती म्हणून मी दिवाळी होऊ दिली. मग सुई टाकून तपासणी झाली आणि रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. माझे मिस्टर कोराडीला पॉवर स्टेशनात आहेत. त्यांनी त्या दिवशी सुट्टी टाकली होती.

केबिनच्या दाराशी उभ्या माणसाने विचारलं, "पेशंट कोण?"

"मी," मी म्हटलं.

"बरं. ताई, तुम्ही बसा. साहेब, तुम्ही आत या."

आणि हे गेले की आत! मी बाहेर लोखंडी खुर्चीवर. समोर भिंतीवर टीव्ही, त्यात एक बाई ढोकळा करत होती. ढोकळा फुगला, कापून झाला, वरून फोडणीही पडली, तरी हे बाहेर आले नाहीत. आले तेव्हा रुमालाने तोंड पुसत होते.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाई वं. साधी गाठ हाय. काढून टाकू म्हनतात."

"मग तुमी रडले काहून?"

"रडलो कुठं? एसीनं डोळे चुरचुरले."

या माणसाला आजवर कधी धड खोटं बोलता आलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी चेहऱ्यावर दिसतं. आणि इतक्या मोठ्या गोष्टीत हे मला फसवायला निघाले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चारचौघांत काय बोलणार. पुढे ऑपरेशनच्या आधी सही मात्र माझीच घेतली. इथे करा, इथे करा, असं बोट दाखवून. त्या वेळी कोणी म्हटलं नाही की ताई, तुम्ही बाहेर बसा.

आता कोणी म्हणेल, बाई, तुला काय कळत नव्हतं? कळत होतं. साध्या गाठीच्या दवाखान्यात डोक्याला रुमाल बांधलेल्या इतक्या बायका बसत नाहीत. पण आपल्याला कळणं वेगळं आणि कोणी समोर बसवून सांगणं वेगळं. सांगितलं की विचारता येतं. नुसतंच कळलं की माणूस ते पोटात घेऊन स्वयंपाक करत राहतो आणि आपण खोलीत आलो की बोलणं थांबतं ते पाहत राहतो.

कामठीची ताई

घर सांभाळायला ह्यांची मोठी बहीण आली. तिला आम्ही सगळे ताईच म्हणतो. कामठीला तिचं बांगड्यांचं दुकान होतं. भाऊजी गेल्यावर तिने एकटीने चालवलं आणि गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हाच सोडलं. बाई प्रेमाची, पण बोलण्यात शुभ-अशुभाचं भारी. तिच्यासमोर बांगडी कधी फुटत नाही, वाढते. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दिवा विझवायचा नाही, कुंकू संपलं म्हणायचं नाही. ती आली त्याच दिवशी पलंगाच्या कडेला आपटून माझी बांगडी फुटली आणि मी म्हटलं, "गेली, फुटली!"

"अवं माय, तोंडाले काही हाडं हायेत का नाई?" ती ओरडली. "वाढली म्हन. बांगडी वाढली."

मी म्हटलं, "वाढली म्हटल्यानं जोडली जाते का?"

त्यावर तिने माझ्याकडे पाहून पदर डोळ्याला लावला आणि कणीक मळायला गेली. बांगडी फुटल्याचं इतकं वाईट वाटतं का कोणाला? मी सगळं पाहत होते आणि दात-ओठ खात होते.

मग पाहुण्यांची रांग लागली. एकीने हळद आणली, मामेसासऱ्याने कसलासा काढा. एक म्हणाली, टेन्शन घेतलं म्हणून होतं हे, तू खूप चिडतेस ना. म्हणजे आजारही माझा आणि कसूरही माझी! आणि "हे" म्हणजे काय, हे तिनेही सांगितलं नाही. एकाही पाहुण्याने मला विचारलं नाही की कसं वाटतंय. विचारायचं ते ताईला, स्वयंपाकघरात, नळ सोडून.

टिटवीची बाजू

दवाखान्यात भरती होताना माझी पोरगी रश्मी म्हणाली, "आई, वाचायला काय देऊ?" मी म्हटलं, "माझं जुनं कासवाचं पुस्तक दे."

ते पुस्तक मी लहान असताना बाबांनी रविवारच्या बाजारातून, फुटपाथवरून आणलं होतं. पुठ्ठा तेव्हाच उसवलेला, लेखकाच्या नावाचं पान फाटलेलं. गोष्ट साधी आहे. तळं आटतं. मुंगूस, खार, टिटवी आणि एक म्हातारं कासव अशी मंडळी कधी न आटणारी नदी शोधायला निघतात. रस्ता फक्त कासवाला ठाऊक, कारण लहानपणी ते तिथून आलेलं. वाटेत वणवा आहे, फासेपारध्यांचं जाळं आहे, एका विहिरीत राहणारा लबाड साप आहे. मी ते इतक्यांदा वाचलं होतं की पान उलटायच्या आधी पुढचं वाक्य म्हणत असे.

मोठेपणी हातात घेतलं तर सगळं उलटंपालटं. लहानपणी मला मुंगूस आवडायचं, शूर म्हणून. आता पाहते तर मेलं नुसतं दादागिरी करतं. चला रे, थांबू नका रे, रडू नका रे. अगदी तो काढा घेऊन आलेला मामेसासरा. आणि टिटवीचा तेव्हा मला राग यायचा, कारण ती सारखी विचारत सुटते. कुठे चाललोय? अजून किती? कासवाचा पाय काहून सुजलाय? सगळे तिला गप्प करतात, अपशकुनी म्हणतात. खाटेवर पडल्या पडल्या मला वाटलं, अगं, बरोबर विचारून राहिली आहेस तू! अख्ख्या पुस्तकात अक्कल आहे ती हिलाच, आणि हिलाच कोणी उत्तर देत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेवटची दोन प्रकरणं सोडून सगळं वाचलं. पान दुमडून उशीखाली ठेवलं आणि रश्मीला सांगितलं, हलवू नको.

फोन

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले, पुन्हा झोपले, दुसरा दिवस उजाडला. खांदा जड, काखेतून नळी बाहेर काढलेली. सकाळची सिस्टर मात्र देवमाणूस होती. सुई टोचण्याआधी तिने माझ्याच तोंडाकडे पाहून विचारलं, "काकू, उजव्या हाताची कोणती शीर बरी वाटते तुम्हाला?" एवढंच, पण त्या दवाखान्यात माझ्या अंगाबद्दल मला विचारणारी ती पहिली. मला रडूच आलं.

ती गेली आणि पडद्यापलीकडून ताईचा आवाज आला. ती कामठीला तिच्या जावेशी फोनवर बोलत होती. हळू बोलते असं तिला वाटतं, पण दुकानदारीचा आवाज आहे तो.

"हाव, झालं आपरेशन. गाठ वाढली तिची... हाव, वाढली... नाई, तिले काही सांगितलं नाई. सांगू बी नोको."

गाठ वाढली. म्हणजे उघडून पाहिलं, हाताबाहेर गेलेलं दिसलं, आणि शिवून टाकलं. अशा गोष्टी ऐकलेल्या असतात आपण. ताई आत आली, मी विचारलं, "काय झालं आपरेशनचं?" ती म्हणाली, "सगळं चांगलं हाय, झोपून राह्य तू." आणि पांघरूण ओढलं.

मी छताकडे पाहत पडून राहिले. तेवढ्या वेळात मी रश्मीचं लग्न माझ्याशिवाय लावून टाकलं. ह्यांना वरणाला फोडणी देता येत नाही, ते कसे जेवतील हे पाहिलं. अडतीवरच्या माझ्या खुर्चीवर दुसरीला बसवलं. आणि मग भीतीच्या खालून राग वर आला. मरायचंच असेल तर मरते, पण मला सांगा तरी! माझं मरणही तुम्हीच वाटून घेणार का?

सिस्टर इंजेक्शन घेऊन आली तेव्हा मी हात मागे ओढला. "मी काही टोचून घेणार नाही. गोळी घेणार नाही. मला घरी न्या."

हे कँटीनमधून चहा घेऊन आले ते तसेच उभे. "अवं, काय झालं?"

कळमन्यात गाड्यांच्या गलक्यात हाक मारायची सवय आहे मला. तोच आवाज लागला. "गाठ वाढली ना माझी? मग लपवता काहून? फाडलं, पाहिलं, शिवून टाकलं, असंच ना? बोला ना आता!"

अख्खा वॉर्ड उठून बसला. हे म्हणाले, "कोन म्हने वाढली?"

"ही तुमची बहीण! आता फोनवर सांगून राहिली होती!"

ताईने कपाळावर हात मारला.

"अवं बह्याडे! वाढली म्हंजे गेली! काढली! आपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, घरच्या लक्ष्मीच्या अंगाले चाकू लागला असं तोंडानं म्हनू का मी? बांगडी वाढली म्हनतो ना, तसं म्हनलं. कॅन्सरची गाठ होती, ते पुरीच्या पुरी काढली डॉक्टरनं!"

आणि तिने तोंडावर हात दाबला. पण शब्द निघून गेला होता. इतके दिवस सगळ्यांनी जिभेखाली धरून ठेवलेला तो शब्द, शुभ बोलायच्या नादात, तिच्याच तोंडून वॉर्डाच्या मधोमध पडला.

समोरच्या खाटेवरची म्हातारी आधी हसली. मग मी. हसताना टाके असे ओढले की हसता हसताच रडायला लागले. हे खाटेच्या कडेला बसून माझा पाय धरून रडले. "डॉक्टरच म्हनले, आत्ता सांगू नोका, खचून जातील," हे म्हणत राहिले. मी म्हटलं, "मी खचेन का नाही ते मला विचारायचं होतं. आणि आता रडायचं ते माझ्यासमोर रडा, बाथरूममध्ये जाऊ नका." मग सिस्टरला हात दिला.

पण राग गेला नाही. कॅन्सर आहे हे कळल्याचा धक्का मोठा होता की गाठ निघाली याचा आनंद, ते मला सांगता येत नाही. राग दोन्हींपेक्षा मोठा होता, एवढं खरं.

कासव

दुपारी सगळे जेवायला गेले. मी उशीखालून पुस्तक काढलं. शेवटून दुसरं प्रकरण. कासवाचा पाय सुजलेला. टेकडीच्या अलीकडे ते सगळ्यांना पुढे पाठवतं, मी मागून येतो म्हणतं. आणि पिंपळाच्या मुळाशी कासवाने आपली वाट वाढवली, असं लिहिलं आहे. संपलं. पुढच्या प्रकरणात बाकीचे नदीवर पोचतात.

लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, "वाट वाढवली म्हणजे?" बाबा म्हणाले होते, "लांब नेली, पोरी. नदीच्याही पुढं गेलं ते." माझ्या लेखी ते कासव तेव्हापासून चालतच होतं. शाळेत मैत्रिणींशी मी त्यावरून भांडले होते. नदीनंतर समुद्र लागला असेल, कासवाला पोहता येतं, काय बिघडलं?

आणि त्या दुपारी, ताईने मला नुकतंच वाढली म्हणजे काय ते शिकवलेलं असताना, मी ते वाक्य वाचलं.

मेलं होतं ते. कधीचंच मेलं होतं. आमचे शेठ रोज संध्याकाळी म्हणतात, चला, वाढवा आता, आणि शटर खाली येतं. रोज ऐकते मी हे. दुकान वाढवणं म्हणजे बंद करणं हे मला कळत होतं, आणि कासवाचं कळलं नव्हतं!

मला इतका संताप आला की पुस्तक खाली टाकून दिलं. त्या बिननावाच्या लेखकाचा राग आला, मुलांच्या पुस्तकात असा आडून बोलतोस? बाबांचा आला. ते स्वतः गेले तेव्हाही आम्हा भावंडांना शेवटपर्यंत "कमजोरी आहे" एवढंच सांगितलं होतं. आणि सगळ्यात जास्त राग त्या कासवाचा आला. शहाणा मोठा! तुला माहीत होतं ना तुझ्याने चढण होणार नाही? मग मी मागून येतो काहून म्हटलं? नदीवर सगळे पाण्यात खेळतात आणि टिटवी एकटी परत फिरते, त्याला हाका मारत रानभर हिंडते. लहानपणी मला ती वेडी वाटली होती. तिला फक्त कोणी सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळाने सिस्टरने पुस्तक उचलून दिलं. मी पुन्हा उशीखाली ठेवलं.

साहेब, तुम्ही बसा

टाके काढायच्या दिवशी पुढचा रिपोर्ट आला होता. दाराशी तोच माणूस. "पेशंट कोण?"

"मी. आणि मीच आत जाणार आहे. साहेब बाहेर बसतील."

हे निमूट बसले. टीव्ही चालूच होता.

डॉक्टर तरुण होते. ह्यांची वाट पाहत दाराकडे बघत राहिले. मी म्हटलं, "ते येणार नाहीत. माझ्याशी बोला. गोड बोलू नका, सरळ बोला."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग सांगितलं. गाठ पूर्ण निघाली आहे. पण काखेतल्या काही ग्रंथींपर्यंत कॅन्सर पोचला होता. केमो द्यावी लागेल, मग शेक, म्हणजे रेडिएशन. केस जातील, उलट्या होतील. "बरं होण्याची चांगली आशा आहे, पण खात्री मी देणार नाही."

"नाही घेतली तर?"

"तर तो परत येण्याची भीती बरीच वाढते."

"वाढते म्हणजे वाढतेच ना?" मी विचारलं. त्यांना काही कळलं नाही. मी म्हटलं, "जाऊ द्या. घेते मी केमो."

बाहेर आले ती भिंत धरून. हे लिहायलाच पाहिजे, नाहीतर वाचणारीला वाटेल मी मोठी वाघीण. खूप भीती वाटली. ह्यांच्या शेजारी बसले आणि ऐकलं ते सगळं त्यांना सांगितलं, काही न गाळता. ते पहिल्यांदा नीट प्रश्न विचारायला लागले. त्या खुर्च्यांवर आम्ही दोघं बराच वेळ बसलो, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच मला घरातली बाई नसून त्यांची बायको असल्यासारखं वाटलं.

वाचून दाखव

केमोचं फार लिहीत नाही. जिला होईल तिला कळेलच. एकच सांगते, मला संत्र्याचा वास सोसवेना. सगळी जिंदगी ज्या वासात गेली त्याने पोट ढवळायचं. शेठने घरी पेटी पाठवली तर ताईने ती जिन्यातूनच परत केली आणि वर त्यांनाच झापलं.

केमोला माझ्यासोबत ताईच यायची. सलाइन संपायला वेळ लागतो. एकदा कंटाळून म्हणाली, "त्या पुस्तकातलं वाचून दाखव ना, माह्या चष्म्याचा नंबर बदलला." मी वाचायला लागले. तिला टिटवी आवडली. मुंगसाला तिने दोन-चार शिव्या दिल्या. असं करत, दोन-तीन खेपांत, आम्ही पिंपळाच्या मुळाशी आलो. मी ते वाक्य वाचलं आणि पान उलटलं.

"थांब," ताई म्हणाली. "मंग कासव कुठं गेलं?"

तिला कळलं नव्हतं. जिने मला वाढवणं म्हणजे काय ते शिकवलं, तिलाच! कारण तिलाही ते जगायला हवं होतं. मला बाबांचं उत्तर आठवलं. तोंडावर आलंच होतं. लांब गेलं ताई, नदीच्याही पुढं.

"मेलं, ताई," मी म्हटलं.

"सांगितलं नोतं त्यानं कोनाले?"

"नाही."

"काहून?"

"त्यांना वाईट वाटेल म्हणून."

ताई सलाइनच्या थेंबांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग ते टिटवी बिचारी बोंबलत फिरली ना रानभर." जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "सांगाले पायजे होतं त्यानं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कामठीची जाऊच होती. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, काय म्हणते सुमनची तब्येत, हळूच, दबून. ताईने सवयीने तोंडापुढे पदर धरला, उठायला लागली, आणि माझ्याकडे पाहून परत बसली.

"कॅन्सर हाय तिले," ती म्हणाली. दुकानातल्या आवाजात. आजूबाजूच्या खुर्च्यांवरच्या बायकांनी माना वळवल्या. "हाव, कॅन्सर. हळू काहून बोलू? आन मले काहून इचारून राहिली तू? ते इथंच बसली हाय, माह्या बाजूले. तिलेच इचार."

आणि तिने फोन माझ्या मोकळ्या हातात दिला.

"हॅलो," मी म्हटलं, "बोला. पेशंटच बोलून राहिली."